वर्ष न लिहिलेली डायरी

मी एक डायरी बोलतेय. माझ्या पुठ्ठ्यावर सोनेरी अक्षरांत खताच्या दुकानाचं नाव आहे आणि त्याखाली 'नववर्षाच्या शुभेच्छांसह'. म्हणजे मला कुणी हौसेने विकत घेतलेलं नाही, मी फुकट वाटलेली आहे, हे लांबूनही कळतं. आजवर मी तोंड उघडलं नाही. माझ्यात जे लिहिलं गेलं ते लोकांनी वाचलं, हवा तो अर्थ काढला आणि मी निमूट पडून राहिले. पण आता गप्प बसवत नाही. गोड बोलेन अशी आशा मात्र ठेवू नका.

माझा जन्म छापखान्यातला. माझ्यासारख्या शेकडो बहिणी एकाच दिवशी शिवल्या गेल्या. प्रत्येक पानावर एक तारीख, खाली बारीक रेघा. आम्हां फुकटच्या डायऱ्यांचं नशीब ठरलेलं असतं. पहिल्या तारखेला माणूस सुवाच्य अक्षरात लिहितो, 'आजपासून रोज डायरी लिहायची.' दुसऱ्या दिवशी चार ओळी लिहितो, तिसऱ्या दिवशी दोन. संक्रांतीचा तिळगूळ वाटून होईपर्यंत उत्साह ओसरतो. मग आमच्यात इस्त्रीवाल्याचे कपडे मोजले जातात, प्लंबरचा नंबर लिहिला जातो आणि शेवटी एखादं पान फाडून त्यावर गरम पातेलं ठेवतात. माणसांच्या आरंभशूरपणाचा आमच्याइतका अनुभव कुणालाच नसेल.

माझं तसं झालं नाही. कधी कधी वाटतं, झालं असतं तर बरं होतं.

वसईच्या त्या खतवाल्याने मला भुईगावच्या मथुराबायच्या हातात ठेवलं. तिचा नवरा दयाराम त्या दुकानाचं जुनं गिऱ्हाईक. तो वारल्यावर मथुराबाय स्वतः रिक्षाने येऊन खत घेऊन जायची. "काकी, ही मयूरला द्या," दुकानदार म्हणाला. मयूर तिचा एकुलता एक मुलगा, राहायला एव्हरशाईन सिटीत. रविवारी तो आला तेव्हा तिने मला त्याच्यापुढे धरलं. त्याने उलटसुलट करून पाहिलं आणि हसला.

"आई, आता हे सगळं फोनमध्ये असतं गं. तूच ठेव."

म्हणून मी तिच्याकडे राहिले.

तिचं घर म्हणजे वाडीत बांधलेलं बैठं कौलारू घर. पुढे ओटी, ओटीवर झोपाळा. समोर सोनचाफ्याची झाडं, बाजूला राजेळी केळी, मोगऱ्याचे वाफे, मध्ये विहीर. मागच्या अंगाला बावखल, म्हणजे आमच्याकडचं गोड्या पाण्याचं तळं. गावात पूर्वी अशी पुष्कळ बावखलं होती, आता बहुतेकांवर इमारती उभ्या आहेत. मथुराबाय सत्तरीला टेकलेली, सातवीपर्यंत शिकलेली, काटक आणि तोंडाने फटकळ. दुपारी जेवण आटोपलं की ती मला घेऊन झोपाळ्यावर बसायची. कुंपणापलीकडची क्रिस्टीना तिची बालमैत्रीण नव्हे, पण दोघी एकाच वर्षी लग्न होऊन गावात आलेल्या, त्यामुळे त्याहून जवळची. ती पायरीवर बसून वाल सोलायची.

"क्रिस्टीना, यात काय लिवतात गो?"

"आज काय झालं ते लिव."

"आज काय झालं? चाफा तोडला, आळ्यांत खत घातलं, वालाचं बिरडं केलं. उद्या पण तेच. ते वाचून मयूरला काय मिळनार? मी गेल्यावर त्याला वाडीतलं काय ठाऊक पायजे ते लिवलं पायजे."

"मंग जुनं लिव."

मथुराबायने माझी पानं चाळली. छापलेल्या तारखांवरून बोट फिरवलं. मग तिने जे ठरवलं ते इतकं साधं होतं की त्यात पुढे एवढा घात होईल असं मला स्वप्नातही वाटलं नाही. ती म्हणाली, "इथं तारीख छापलीय. तवा ज्या तारखेला जे झालं ते त्याच तारखेच्या पानावर लिवायचं. भलतीकडं कशाला लिवायचं?"

"बरोबर हाय," क्रिस्टीना म्हणाली. "आमी नाय का, माझा बाप गेला त्या तारखेला दर साल चर्चात त्याच्या नावाची मिस्सा ठेवतो. साल कोन बघतं?"

झालं. माझ्या आयुष्याचा नियम त्या ओटीवर ठरला. मला चाळणाऱ्याला एक वर्ष दिसावं, पण एका वर्षात मथुराबायचा सगळा जन्म बसवलेला. पंप बसला तो दिवस एका पानावर, त्याच्या पुढच्या पानावर पंचवीस वर्षं आधी ती नवरी म्हणून उंबरठा ओलांडते तो दिवस. आणि प्रत्येक पानाची सुरुवात 'आज' अशी. आज हे झालं, आज ते झालं. वर्ष तिने कुठेच घातलं नाही. का घालावं? तिला ठाऊक होतंच, आणि वाचणार कोण, तर पोटचा पोरगा. त्याला कळणार नाही असं तिच्या मनातही आलं नाही.

एखादी तारीख आठवली नाही तर दोघी म्हाताऱ्या मिळून तिचा माग काढायच्या. "तवा मोगरा फुलायला लागला होता," मथुराबाय म्हणायची. "ईस्टरच्या आधी होतं, कारन आमचा उपास चालला होता," क्रिस्टीना म्हणायची. "तुज्या सासूने मला अंडं दिलेलं, मी खाल्लं नाय." असं करत करत तारीख सापडली की मथुराबायचा चेहरा खुलायचा. त्या दुपारी माझ्या आयुष्यातल्या सगळ्यात सुखाच्या. मला वाटायचं, कुणाच्या तरी आयुष्याचा सांभाळ माझ्याकडे सोपवलाय. फुकटच्या वस्तूला एवढा मान कुठे मिळतो?

तिने काही चांगलं तेवढंच निवडून लिहिलं नाही, हेही सांगते. 'आज पंप बसला. रहाट काढला. रेडा इकला. मी गोठ्यात जाऊन रडले.' 'आज सासूबाय गेल्या.' मग दोन महिने पुढच्या पानावर, 'आज सासूबाय सुकेळी वाळत घालताना बोलल्या, तुज्या हाताला गोडी हाय. एवढं एकदाच बोलल्या.' सुकेळी म्हणजे राजेळी केळी सोलून उन्हात वाळवतात ती. वसईच्या वाडीत ज्या सुनेला ती जमली ती जिंकली. आणि एका पानावर लिहिलं, 'आज यांनी मला मारलं. केळीला पानी सोडायचं राहिलं म्हनून. मयूर दारात हुबा होता.' हे पान लिहून झाल्यावर ती चाफ्याच्या कळ्या मोजायला उठली. क्रिस्टीनाने विचारलं, "हे पन लिवलंस?" ती म्हणाली, "झालं ते झालं. त्याला ठाऊकच हाय."

वर्ष संपलं तेव्हा माझी मोजकीच पानं कोरी होती. तिने मला दुधाच्या धुतलेल्या पिशवीत गुंडाळून देव्हाऱ्याशेजारच्या फळीवर ठेवलं.

आता मयूरबद्दल सांगायला हवं. तो राक्षस नाही. राक्षस असता तर मला बोलणं सोपं गेलं असतं. रोज कामाला जातो, आईला फळं आणतो, सणाला साडी आणतो. बायको हेमाली नीटनेटकी, हसतमुख, सगळ्या नातेवाइकांच्या वाढदिवसांची नोंद ठेवणारी. पण गेली दोन वर्षं त्या दोघांच्या डोक्यात एक किडा वळवळत होता. आजूबाजूच्या वाड्या साफ करून लोकांनी लग्नाचे लॉन काढले होते. संध्याकाळ झाली की गावात डीजे घुमायचा.

"आई, विचार कर ना," गणपतीत तो म्हणाला होता. "सीझनला बुकिंग मिळत नाही कुणाला. तू आमच्याकडे राहा आरामात."

"आनि चाफा?"

"चाफा राहील की कडेकडेने. त्याला लायटिंग करू."

"चाफ्याला लायटिंग!" मथुराबाय म्हणाली. "मी हाय तवर नाय. मी गेल्यावर तुला काय घालायचा तो धुडगूस घाल."

सातबाऱ्यावर तिचं नाव होतं, त्यामुळे तिच्या 'नाय'ला वजन होतं. मयूर आरतीची तयारी करायला उठला. पण मनातून विषय गेला नव्हता.

पुढच्या पावसाळ्यात मथुराबाय विहिरीजवळच्या शेवाळावर घसरली आणि उजवं मनगट मोडलं. प्लास्टर घातलं. मयूर आणि हेमाली आठवडाभर भुईगावला येऊन राहिले. हेमाली तिच्या औषधाची चिठ्ठी शोधत होती आणि फळीवरून मी खाली आले. तिने पिशवी सोडली, मधलंच एक पान उघडलं आणि वाचता वाचता तिचा चेहरा बदलला.

"मयूर, इकडे ये. आईंनी एप्रिलमध्ये लिहिलंय, आज सासूबाई सुकेळी वाळत घालत होत्या."

"सासूबाई म्हणजे? आजी? आजी जाऊन तीस वर्षं होतील."

"फेब्रुवारीत त्या गेल्या असं लिहिलंय. आणि एप्रिलमध्ये परत बोलतायत. डायरी तर मागच्याच वर्षीची आहे."

मयूरने मला तिच्या हातातून घेतलं आणि सुरुवातीपासून वाचायला लागला, जानेवारी, फेब्रुवारी, मार्च, या शहाण्या क्रमाने. मार्चमध्ये तो शाळेतून ताप घेऊन आला होता. मेमध्ये जन्मला होता. जूनमध्ये त्याचं लग्न झालं होतं, ऑक्टोबरमध्ये त्याचा पहिला दात पडला होता. तो माझी पानं पुन्हा पुन्हा मागेपुढे उलटत होता. तो खरोखर घाबरला होता, खोटं कशाला बोलू? त्या क्षणी आत जाऊन त्याने आईला एकदा विचारलं असतं, तर एका मिनिटात सगळा उलगडा झाला असता. ती आतल्या खोलीतच होती, जागी होती.

मग ते पान आलं. 'आज यांनी मला मारलं.'

ते त्याने उभ्याउभ्या वाचलं. एकदा नाही, दोनदा. नंतर मला मिटलं.

"बाबांनी आईवर कधी हात टाकला नाही," तो हेमालीला म्हणाला. "बघ, कसले भास होतायत तिला."

मयूर दारात उभा होता, हे त्याच ओळीच्या शेवटी लिहिलेलं होतं. तेही त्याने वाचलं होतं. पण आईला वेड लागलं असेल तर बाप देवमाणूस राहतो, आणि बाप देवमाणूस राहिला की आपण दारात नुसते उभे होतो हा प्रश्नच उरत नाही. एका दगडात माणसं किती पक्षी मारतात पाहा. मला वाटतं, त्याची भीती खरी होती ती तिथपर्यंतच. पुढे ती सोयीची झाली.

आठ दिवसांनी मला एका प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घालून वसई पूर्वेच्या एका डॉक्टरकडे नेलं. मथुराबायला सांगितलं होतं की हात दाखवायचा आहे. मी टेबलावर, ती खुर्चीत, मयूर तिच्या शेजारी. हेमालीने माझ्यात रंगीत चिकटपट्ट्या लावून ठेवल्या होत्या, कुठे कुठे 'गडबड' आहे ते डॉक्टरला पटकन सापडावं म्हणून.

"आजी, आज तारीख काय आहे?" डॉक्टरने विचारलं.

मथुराबायने टेबलावर मला पाहिलं, मग पोराकडे पाहिलं. सगळं तिच्या लक्षात आलं. ती संतापली की तिचं तोंड तिरकं चालतं, हे भुईगावात कुणीही सांगेल.

"मागं भिंतीवर लावलीय ना, वाचा की."

डॉक्टरने काहीतरी लिहिलं.

"घरी कोण कोण असतं?"

"मी आनि माजी वाडी."

त्याने पुन्हा लिहिलं. मग मला उघडून तो शांतपणे म्हणाला, "तुमच्या सासूबाई एप्रिलमध्ये तुमच्याशी बोलल्या का?"

"अहो, ते या सालचं नाय. त्या तारखेचं हाय. ज्या तारखेला झालं त्या पानावर लिवलंय."

"मग 'आज' असं का लिहिलंय?"

इथे ती अडली. काय सांगणार? जे अंगवळणी पडलेलं असतं ते शब्दांत मांडायची वेळ माणसावर कुठे येते? मग खरं होतं ते ती बोलली.

"तो दिवस आला की मना ते आजच वाटतं."

डॉक्टरने मयूरकडे पाहिलं. मयूरने मान खाली घातली. तिच्या तोंडून निघालेल्या सगळ्यांत शहाण्या वाक्याने तिचा घात केला. डॉक्टरला मी दोष देणार नाही. तो म्हणाला होता, "सुरुवात असू शकेल, नसूही शकेल. आणखी तपासण्या करून घ्या. तोवर एकटं ठेवू नका." यातलं शेवटचं वाक्य तेवढं मयूरच्या कानात शिरलं. तपासण्या झाल्याच नाहीत. आज करू, उद्या करू. निदान मात्र सगळ्या नातेवाइकांना कळवून झालं.

मथुराबायला एव्हरशाईनच्या फ्लॅटवर आणलं. सातवा मजला. बाल्कनीत कुंडीतली तुळस. भुईगावच्या घराची किल्ली मयूरच्या खिशात गेली. आणि मग सुरू झाला एक खेळ, ज्यात ती काहीही केलं तरी हरायचीच. भाजीत मीठ जास्त पडलं, की हेमाली मयूरकडे बघायची. लिफ्टचं चुकीचं बटण दाबलं, की मयूर हेमालीकडे. ती चिडली तर "चिडचिड वाढलीय", ती गप्प बसली तर "हरवल्यासारखी असते". ती म्हणाली, "मना काय झालं नाय," तर हेमाली समजुतीने म्हणाली, "आई, ज्यांना असतं ते असंच म्हणतात." याच हेमालीने एकदा स्वतःचा मोबाईल फ्रीजमध्ये ठेवला आणि अर्धा दिवस घर पालथं घातलं. त्यावर दोघं खूप हसले. तिला कुणी डॉक्टरकडे नेलं नाही.

क्रिस्टीना एकदा आली. केळीच्या पानात चाफ्याच्या कळ्या बांधून आणल्या होत्या. मथुराबायने त्या नाकाशी धरल्या आणि कितीतरी दिवसांनी तिच्या तोंडावर हसू आलं. क्रिस्टीनाने मयूरला बाजूला घेतलं.

"मयूर बाळा, ती डायरी माज्यासमोर लिवलीय. त्या सगळ्या जुन्या तारखा हायत. मी सांगते ना, मी होते."

मयूर काही बोलायच्या आत हेमाली ट्रेमध्ये चहा घेऊन आली. "मावशी, तुम्ही आईंच्याच वयाच्या ना? खरं सांगू, तुम्हीपण एकदा दाखवून घ्या. लवकर कळलं की बरं असतं."

क्रिस्टीनाने चहा तसाच ठेवला. जाताना तिने मथुराबायचा हात बराच वेळ धरून ठेवला होता. त्यानंतर ती फोन करायची, पण आली नाही.

त्यानंतर वाडी मयूरच्या ताब्यात द्यायचे कागद आले. मयूर ते घेऊन आईच्या पलंगावर बसला. आवाज मऊ होता.

"आई, तुला आता झेपत नाही. आठवत नाही तुला. वाडीकडे कोण बघणार? सही कर."

"मी नाय बोलले होते ना तुला?"

"कधी बोललीस?"

"गनपतीत."

"तसं काही झालं नव्हतं, आई," तो म्हणाला. अगदी शांतपणे म्हणाला. मी शेजारच्या कपाटात होते, मला स्पष्ट ऐकू आलं.

हे एका दिवसात झालं नाही. रोज थोडं थोडं. दगडावर पाणी ठिबकावं तसं. 'तुला आठवत नाही' हे वाक्य त्या घरात चहाइतकं नेमाने व्हायचं. शेवटी एका सकाळी तिने चष्मा लावला आणि सही केली. अक्षर तसंच गोल, ठसठशीत. मला एवढंच विचारायचं आहे, की सही घ्यायला जिचं डोकं चालत होतं, तिचं डोकं नाही म्हणायला का चालत नव्हतं?

वाडीचं काय झालं ते मी पाहिलं नाही, क्रिस्टीनाच्या फोनवरून ऐकलं. फोन स्पीकरवर होता. केळी गेली. मोगऱ्यावर फरशी आली. विहिरीवर स्लॅब टाकून तिथे नवरानवरीचं स्टेज केलंय. चाफा मात्र ठेवला, शब्दाला जागले. बुंध्याला दिव्यांच्या माळा गुंडाळल्यात आणि त्या रात्रभर जळतात. मथुराबायने ते ऐकून घेतलं आणि "बरं" म्हणाली. पूर्वीची असती तर तिने सातव्या मजल्यावरून ऐकू जाईल अशी शिवी हासडली असती.

मग घरात माझी सवत आली. गुलाबी, जाड कागदाची, फुलपाखराची चित्रं असलेली. हेमालीने मोबाईलवर वाचलं होतं की रोज लिहिलं की स्मरणशक्ती चांगली राहते. "आई, यात रोज जे झालं ते लिहायचं. त्याच दिवसाचं हं. वार, तारीख, वर्ष, सगळं घालायचं." मथुराबाय आज्ञाधारक मुलीसारखी लिहायला बसते. हेमाली ते मोठ्याने वाचते म्हणून मला ठाऊक आहे. 'बुधवार. नाश्त्याला उपमा. पाणी आलं होतं. हेमाली ऑफिसला गेली.' 'गुरुवार. नाश्त्याला पोहे.' हेमाली त्या पानांचे फोटो काढून नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकते. "आईंमध्ये खूप सुधारणा आहे." अंगठे येतात, हात जोडलेले येतात. मेलेलं पान हिरव्या पानापेक्षा नीटनेटकं दिसतं हे खरं, पण त्याचं कौतुक मी प्रथमच पाहिलं.

या दिवाळीच्या आधी हेमालीने कपाट आवरायला काढलं. मी, औषधांचे कागद, जुनी बिलं, सगळं जमिनीवर आलं. मयूर सोफ्यावर लॅपटॉप घेऊन बसला होता.

"आई, ही तुमची जुनी डायरी. ठेवायची का?"

मथुराबायने मला मांडीवर घेतलं. किती दिवसांनी तिचा हात लागला! मला वाटलं, आता ती उघडेल, वाचेल आणि तिचा जुना झरा पुन्हा फुटेल. ती ओळीखालून बोट फिरवत वाचायला लागली. जुलैचं एक पान होतं. त्यावर लिहिलं होतं, 'आज मयूर बावखलात पडला. तीन वर्षांचा हाय. मना पोहता येत नाय. मी उडी मारली. चिखलात पाय रुतला तरी त्याला वर धरला. क्रिस्टीनाच्या सासऱ्याने बांबू टाकला. मयूरच्या हनुवटीला दगड लागला, टाके पडले. देवा, तू हायस.'

तिने ते दोनदा वाचलं. मग मान वर केली.

"मयूर, तू लहानपनी बावखलात पडला होतास का रे?"

मयूरने स्क्रीनवरची नजर काढली नाही. आईचा प्रश्न आला की जे उत्तर जिभेवर तयार असतं, तेच त्याने दिलं.

"नाही गं आई. तसं काही झालं नव्हतं."

"मंग मी असं का लिवलं?"

"होतं असं. डॉक्टर म्हणाले होते ना."

त्याच्या हनुवटीखाली ती खूण आजही आहे. रोज सकाळी आरशासमोर उभा राहून तो तिच्यावरून वस्तरा फिरवतो. ती कशाची, हे त्याने कधी विचारलं नाही. मला हात असते तर मी मथुराबायचं बोट धरून तिथे नेलं असतं.

मथुराबायने त्या पानावर पुन्हा बोट ठेवलं. मला तिचा चेहरा दिसत होता. मी वाट पाहत होते की आता ही उसळेल, म्हणेल, मेल्या, तुला वर धरताना माझ्या नाकातोंडात चिखल गेला होता. ती तसं काही म्हणाली नाही. तिने मला मिटलं, पुठ्ठ्यावरची धूळ पदराने पुसली आणि हेमालीच्या हातात दिलं.

"खोटंच असंल. रद्दीत घाल."

मी आता बाल्कनीत आहे. वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यात, सुतळीने आवळलेली. रविवारी रद्दीवाला येईल. मला स्वतःचं दुःख नाही, कागदाची जात, कधी ना कधी लगदा व्हायचाच. पण जिने मला लिहिलं तिचा माझ्यावर विश्वास उरला नाही, हे घेऊन मी जातेय.

तुमच्या घरात कुणी म्हातारं माणूस असं काही खरडत असेल, तर कृपा करून त्याची अक्षरं डॉक्टरला दाखवण्याआधी त्याच्या शेजारी बसा. 'हे कधीचं?' एवढं विचारा. आणि उत्तर ऐकताना एकमेकांकडे बघू नका. याहून जास्त मी काही मागत नाही, मागायचा मला हक्कही नाही.

आत दिवे लागलेत. मथुराबाय गुलाबी वही घेऊन जेवणाच्या टेबलाशी बसलीय. पेनाचं टोपण काढून ती थांबलीय आणि हेमालीला हाक मारून विचारतेय, आज वार कोणता गं, आणि मी सकाळी काय खाल्लं होतं?